ओव्हाळांचा ठराव

किसन ओव्हाळांविषयी लिहा, असं मला अनेकांनी सांगून पाहिलं. दर वेळी मी प्रकृतीची सबब पुढे केली. प्रकृती ठीकच होती. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर स्वतःविषयीही लिहावं लागणार, ते मला नको होतं. आता टाळत बसायला फारसा वेळ उरलेला नाही.

ओव्हाळ दौंडच्या कॉलेजात इतिहास शिकवत, मी शिरूरला. प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची आमची एक परिषद होती. तिचा मी चिटणीस. नव्वदच्या दशकात परिषदेला परदेशी सभासद मिळू लागले. कुणी श्रीलंकेचे, कुणी नेपाळचे, कुणी केनियाचे. इनामगावच्या उत्खननामुळे आमच्या भागाचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं असे. ही मंडळी अधिवेशनाला आली की त्यांचं करायचं कुणी, असा प्रश्न निघाला आणि कार्यकारिणीने ते काम ओव्हाळांच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.

ओव्हाळांनी ते घरचं कार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. दिल्लीहून येणारी गाडी कितीही उशिरा येवो, दौंडच्या फलाटावर हे हजर. येणाऱ्याचं नाव ते आदल्या दिवसापासून घोकत, बायकोकडून आणि मुलींकडूनही घोकून घेत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "सर, माणूस समुद्र ओलांडून येतो आन् आपण नुसतं पाहुणं, पाहुणं करतो. आईबापानं नाव ठेवलंय की त्याला!"

अधिवेशनात परदेशी मंडळींसाठी वेगळं टेबल मांडायची आमची पद्धत होती. चमचे, बाटलीचं पाणी, बिनतिखट भाजी. पहिल्याच वर्षी ओव्हाळांनी सगळ्यांना उठवून आमच्या पंगतीत आणून बसवलं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, त्यांना तिखट सोसायचं नाही. आजारी पडतील."

"पडू द्या. माझ्या घरी नेऊन बरं करतो. पण सर, वेगळं ताट मांडलं ना, मग त्यात कितीबी तूप वाढा, ते वेगळंच असतं."

ते जेवणाविषयी बोलताहेत, असं मला तेव्हा वाटलं.

वांजिरू नावाच्या केनियाच्या बाई इनामगावच्या मातीच्या भांड्यांवर निबंध वाचायला आल्या, त्या वर्षीची गोष्ट. परदेशी निबंध आम्ही शेवटी ठेवत असू. तोवर चहाची वेळ होई आणि सभागृह रिकामं होई. त्या दिवशीही मंडळी बाहेर आली, तर चहाची शेगडी थंड आणि ओव्हाळ तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले.

"चहा कुठंय?" कुणीतरी खेकसलं.

"आतल्या बाईंचं व्हईस्तवर शेगडी पेटायची न्हाई. जावा, ऐका जरा. चहा कुठं पळून जात न्हाई."

शिव्या घालत का होईना, लोक आत गेले. बाईंचं वाचन संपल्यावर प्रश्नांची इतकी झड लागली की चहा पुन्हा लांबला.

मुक्कामाला बाई ओव्हाळांच्याच घरी होत्या. संध्याकाळी मीही गेलो होतो. सुलोचनावहिनी भाकरी करत होत्या, बाई शेजारी पाटावर बसून पाहत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "वर्गणी घेताना मी तुमची सभासद असते, बाकी वेळी पाहुणी." खरंच होतं ते. परदेशी सभासदांना वर्गणी दुप्पट होती आणि मत नव्हतं. त्या दिवसापासून ओव्हाळांच्या डोक्यात ठराव घोळू लागला. परदेशी सभासदांना मत द्यावं, त्यांच्यातला एक जण कार्यकारिणीत घ्यावा, गरीब देशांतल्यांची वर्गणी कमी करावी.

आमच्या परिषदेचा नियम असा की ठराव मांडणारा एक आणि त्याला अनुमोदन देणारा दुसरा हवा. अनुमोदक नसला तर ठराव चर्चेलाच येत नाही. आम्ही दोघं पुण्याहून दौंडला चाललो होतो. वरवंडला बस थांबली तेव्हा ओव्हाळांनी विषय काढला.

"सर, मांडतो मी. पण अनुमोदन तुमचं पाहिजे. मी एकट्यानं काही काढलं की म्हणतात, ह्याला जिथं तिथं हक्कच दिसतो. तुमचा हात वर गेला की बाकीच्यांचे आपसूक जातील."

"दिलं," मी म्हणालो. "शब्द दिला."

"मग झालंच म्हणा की!" आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी भज्यांची आणखी एक प्लेट मागवली.

पुढच्या वर्षी वार्षिक सभा शिरूरला होती. या ठरावासाठी वांजिरूबाई पदरचं भाडं भरून पुन्हा आल्या. मत नसल्याने शेवटच्या रांगेत बसल्या. सभेआधी अध्यक्षांनी मला व्हरांड्यात गाठलं. "परदेशी लोक हे निमित्त आहे हो. उद्या त्यांच्या मतांवर हे ओव्हाळच कार्यकारिणीत येऊन बसतील. पुढचे अध्यक्ष म्हणून तुमचं नाव चाललंय. जरा जपून."

ओव्हाळांनी ठराव मांडला. नेटका, थोडक्यात. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?"

मी इतिवृत्त लिहीत होतो. मान खालीच ठेवली. लिहिण्यासारखं काही नव्हतं, तरी पेन चालवत राहिलो. ओव्हाळ उभे होते. ते माझ्याकडे बघताहेत हे मला न बघता कळत होतं. कुणीतरी खोकलं.

"अनुमोदक नाही. ठराव बाद. पुढचा विषय."

सभा संपल्यावर वांजिरूबाई ओव्हाळांपाशी आल्या. "एकही माणूस नव्हता?" मी शेजारीच कागद आवरत होतो. ओव्हाळ त्यांना शांतपणे म्हणाले, "चूक माझी. मी आधी कुणाला विचारूनच ठेवलं नव्हतं."

घरातली लाज त्यांनी पाहुणीपुढे झाकली. ती माझी लाज होती.

बाई पुन्हा आल्या नाहीत. 'विचारूनच ठेवलं नव्हतं' हे वाक्य मात्र परिषदेत पसरलं. ओव्हाळ आततायी, तयारी न करता ठराव आणतात, असं लोक म्हणू लागले. मी ते ऐकत राहिलो. दोनदा तर मानही डोलावली. पुढे मी अध्यक्ष झालो. ओव्हाळ फलाटावर जातच राहिले. माझ्याशी बोलताना त्यांच्या आवाजात काहीच बदललं नव्हतं आणि तेच मला सोसत नव्हतं.

त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा भेटायला गेलो. अंथरुणातूनच म्हणाले, "सर, बरा झालो की परत मांडू. बाईंना कळवू, या म्हणून." माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "विश्रांती घ्या." ते बरे झाले नाहीत.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. सुलोचनावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून त्यांचा आवाज बसला होता.

"सर, एक इचारू का? त्या ठरावाचं त्यांनी लई मनाला लावून घेतलं. म्या म्हणायची, निदान सरांना तरी आधी इचारायचं. तर नुसतं हसायचे. खरंच इचारलं न्हवतं व्हय ओ तुम्हाला?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "असेच होते बघा. कुणाला काई सांगायचेच न्हाईत."

आज वहिनीही नाहीत. विचारलं होतं, वहिनी. वरवंडला, बस थांबली होती तेव्हा. मी हो म्हणालो होतो. ओव्हाळ, मला माफ करा.