नाना वकिलांचं कार्ड

जिंकणाऱ्याचा किस्सा होत नाही. तो बक्षीस घेऊन घरी जातो, संपलं! हरणारा मात्र का हरलो ते सांगत बसतो, आणि किस्से साठत जातात. आमच्या रत्नागिरीच्या क्लबात शनिवारी हौजी चाले. पत्नी गेल्यावर संध्याकाळी घरी बसवेना, म्हणून मीही जाई. तिथले बहुतेक किस्से एकट्या नाना वकिलांनी पुरवले.

*

आमची कार्डं पुठ्ठ्याची, तीच तीच वापरलेली. पिशवीतून निघालेल्या सोंगटीवरचा आकडा आपल्या कार्डावर असला की त्यावर चिंचोका ठेवायचा. ज्याचं कार्ड आधी भरेल तो जिंकला! बाकीचे हाताला येईल ते कार्ड उचलत. नाना गठ्ठा चाळत बसत. बी.ए.ला गणित घेतल्याचा परिणाम!

"शेवटचे आकडे वेगवेगळे हवेत. प्रॉबेबिलिटी म्हणतात याला!"

आकडे पुकारणारे अण्णा मास्तर म्हणाले, "पिशवीला कळवलंत काय हो?"

*

"चव्वेचाळीस कित्येक शनिवार निघालेला नाही. आता निघणारच!" म्हणून नानांनी चव्वेचाळीसवालं कार्ड धरलं. नाहीच निघाला. शेवटी अण्णांनी पिशवी उलटी केली. चव्वेचाळीसची सोंगटी तीत नव्हतीच!

"काहीतरी कारण असणार, हे मी ताडलंच होतं," नाना म्हणाले.

*

गुहागरहून एक पक्षकार शिडाच्या पडावाने आला. "वकीलसाहेब, खटला जिंकू ना?"

"शक्यता निम्मी-निम्मी."

"ती वकील न करताही होतीच की!" म्हणून तो उठून गेला.

*

एक सभासद मुंबईस कायमचे निघाले, तेव्हा आपला ग्रामोफोन बक्षीस ठेवून गेले. नानांच्या पत्नी राधाकाकूंना गाण्याचं वेड. "भाऊजी, आयुष्यात एवढंच मागितलंय हो यांच्याकडे," त्या मला म्हणाल्या, आणि खेळाच्या संध्याकाळी स्वतः मागे येऊन बसल्या.

नानांनी कार्ड निवडायला एवढा वेळ घेतला की चहा निवला. खेळ सुरू झाला. "आता साठीतला येईल बघा!" आला. "आता विशीतला!" तोही आला. नाना उभे राहून भाकितं करू लागले. तेवढ्यात समोर बसलेले क्लबातले डॉक्टर ओरडले, "हाउस!" आणि ग्रामोफोन उचलून चालते झाले.

काकू पुढे आल्या. अण्णांनी सोंगट्या निघाल्या त्या क्रमाने ओळीत मांडल्या होत्या. नानांच्या कार्डावरचा एकेक आकडा काकूंनी त्यांच्याशी ताडून पाहिला. सगळे निघालेले, तेही डॉक्टरांच्या आधी! कार्डावर चिंचोके मात्र दोनच.

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं कार्ड बरोबर होतं!"

"होय ना," काकू म्हणाल्या, "मग आता त्यालाच गायला सांगा!"