मिठाच्या बांधावरची जोसिल्दा

जोसिल्दा धावायला शिकली ती मिठागराच्या बांधावर. दोन्हीकडे काळपट पाणी, मधे मिठानं पांढरा पडलेला बांध. तिच्या अधू डोळ्यांना तेवढी पट्टी दिसायची आणि तेवढी पुरायची. पुढे मैदानावरच्या पांढऱ्या रेघाही तिनं तशाच धरल्या. बाकीच्या अंध मुली वाट दाखवणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी दोरीनं हात बांधून धावायच्या, ही एकटी. "हिला बांधायला गाढवाचा दोर लागेल," सराव घेणारे आदेमार सर म्हणायचे.

घरी थोरला भाऊ दोर्जिवाल दाराशी खुर्ची टाकून बसलेला असे. जोसिल्दाचे डोळे अधू करणाऱ्या आजारानंच त्याचे डोळे पार गेले होते. टॅपिओकाच्या पोळ्या भाजता भाजता आई शेजारणींना सांगायची, "माझ्या लेकीला दिसतं हो. बघा ना, एकटी धावते!" त्या एका वाक्यावर ती दिवस ढकलत होती.

म्हणूनच रेघा पुसट होत होत नाहीशा झाल्या तेव्हा जोसिल्दा कुणाला काही बोलली नाही. सरावाला सगळ्यात आतली पट्टी मागून घ्यायची. कडेचा उंचवटा पायाला लागला की सरळ व्हायची. माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायची आणि वर विचारायची, "काय सर, नवा शर्ट?" शर्ट जुनाच असायचा, सरांना ती थट्टा वाटायची.

साओ पाउलोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र आधी डोळे तपासतात. किती दिसतं त्यावर गट ठरतो. दिसत असून दिसत नाही म्हणणारे तिथे पुष्कळ येतात. डॉक्टरीणबाई त्यांनाच पकडायला बसल्या होत्या.

"कार्डावरच्या ह्या E अक्षराचे पाय कुठल्या बाजूला?"

"खाली," जोसिल्दा ठसक्यात म्हणाली.



"बाळ, कार्ड अजून माझ्या मांडीवरच आहे."

बाहेर सर मात्र खुशीत. "अगं वेडे, पूर्ण अंधांच्या गटात तुझ्या वेगाचं आहे कोण? पदक आलंच म्हणून समज!"

"पण दोरी बांधावी लागेल."

"मग? त्या गटात सगळ्याच बांधतात."

"आई शेजारी टीव्हीवर बघणार आहे, सर."

सर जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "पाय मुरगळला म्हणून सांगू या का?"

जोसिल्दाच्या डोळ्यांपुढे नाही, पण मनापुढे सगळं आलं. धडधाकट पायाला आई मिठाच्या पाण्याचा शेक देत बसेल. आणि पाय बरा झाल्यावर? दाराशी दुसरी खुर्ची.

"बांधा," ती म्हणाली.

त्या गटाच्या नियमाप्रमाणे डोळ्यांवर काळी पट्टी चढली. तिच्यासाठी काहीच बदललं नाही. हातातली दोरी मात्र शेवटपर्यंत जाणवत राहिली. ती दुसरी आली. सर रडले.

संध्याकाळी घरी फोन लावला.

"जेवलीस का गं?" आईनं विचारलं.

"हो."

"बरं." आणि फोन दोर्जिवालच्या हातात गेला.

"आई काय म्हणाली रे?"

"काही नाही. शेजारी टाळ्या वाजत होत्या, ही उठून घरी आली. चूल पेटवली नाहीये अजून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला ठाऊक होतं, सिल्दा. येताजाता माझ्या खुर्चीला अडखळायला लागली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"मी खुर्ची भिंतीशी सरकवली होती की."