भांडाराच्या छतावरची मडकी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगायची!

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधलं आमचं महिला भांडार — बायांच्या समितीनं चालवलेलं किराणा दुकान — तुम्ही पाहिलं होतं? मे महिना, लाइट गेलेली, बाहेर जीव नकोसा — आणि आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा. ना कूलर, ना पंखा! छतावर दाटीनं मांडलेली उलटी मडकी, वर माती-चुन्याचा थर, उत्तरेला जाळीच्या भिंती. दारातला कडुनिंब मी तोडू दिला नाही. बाया पावशेर जिरं घ्यायला यायच्या नि तासभर बसायच्या. भोपाळहून एक साहेब मुद्दाम पाहायला आला होता. माझं छत होतं ते, बरं का! माहेरी आमच्या दुकानावर तसंच होतं. आजही सांगताना छाती फुगते.

पण ते झालं कसं?

समितीतल्या साऱ्या जणींना टिनाचे पत्रे हवे होते. “लोखंडाच्या गावात राहून कुंभाराकडे जायचं काय, वहिनी?” — हसल्याच सगळ्या. पत्र्यांचं पक्कं ठरलं. आमच्या मागच्या क्वार्टरमधले काळे भाऊ जवळच्या हथखोज गावातल्या एका ओळखीच्या कारखान्यातून ते स्वस्तात आणून देणार होते. शब्दाचा पक्का माणूस, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मग मी काय केलं? — सांगते, थांबा जरा.

काळे भाऊंना म्हटलं, बायांनी पत्रे रद्द केले. बायांना म्हटलं, काळे भाऊंनी हात वर केले. बस. पावसाळा तोंडावर होता, दुसरे पत्रे शोधायला वेळ कोणाला? मडकी चढली.

मी जिंकले हो! आणि काळे भाऊ? गणपतीचा मांडव, कोणाच्या लग्नातली धावपळ — जे सारं त्यांच्यावर सोपवलं जायचं, ते कोणी त्यांना सांगेना. एकदा मलाच विचारलं, “वहिनी, माह्याकडून काही चुकलं काय?” मी म्हटलं, “नाही हो, भाऊ.” तेव्हा तरी सांगायचं होतं ना? छत तर झालं होतं, आता ते कोण काढणार होतं? मग मी काहून गप्प बसले? — टाळ्या माझ्यासाठी वाजून राहिल्या होत्या, म्हणून.

पुढं एका उन्हाळ्यात ते साखर घ्यायला आले. घाम पुसत वर पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, “मस्त केलं, वहिनी. पत्र्याखाली भाजलो असतो सारे.” गल्ल्यावर बसलेली समितीतली वानखेडेबाई हसली, “म्हणूनच ऐन वेळी पळाले काय, भाऊ? आमी तं पत्र्यायची वाट पाहून राहिलो होतो!”

काळे भाऊ वळले. तिच्याकडे नाही — माझ्याकडे. त्यांना सारं कळलं, ते मला दिसलं. ते थांबले. मी बोलेन म्हणून थांबले.

मी साखरेची पुडी बांधून त्यांच्या हातात दिली, आणि मागच्या बाईला विचारलं, “तुमाले काय पायजे?”