कढईला लावलेला तळहात

काकूंना ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि काकूंना तर सगळ्यांच्या आधी. पस्तीस वर्षं तांबं ठोकल्यावर कान शाबूत राहतील अशी आशा त्यांनी धरलीच नव्हती. समोरच्याच्या ओठांवरून त्यांचं झकास भागत होतं. पण जॅमच्या कारखान्याची भली मोठी कढई करायला आली आणि धाकट्या दिराला अचानक त्यांच्या कानांची काळजी वाटू लागली.

"वहिनी, हिचा काठ मी ठोकतो. तांबं कडक झालं की खणखणतं, ते तुम्हाला कळायचं नाही. आता तुम्ही घरी आराम करा."

त्यात खोटं काही नव्हतं. ठोकून ठोकून तांबं कडक होतं आणि वेळेवर भट्टीत लाल केलं नाही तर चिरतं. पण हातोडी गेली की काकूंचं उरलं काय? नवरा गेल्यावर याच हातोडीच्या जोरावर त्या ताठ मानेने जगल्या होत्या. आराम हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला.

तरी त्या भांडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि डावा तळहात कढईच्या पोटाला लावला. कान गेल्यापासून त्यांची हीच रीत होती. मऊ तांब्याचा ठोका तळहातातच जिरतो. कडक तांब्याच्या मुंग्या कोपरापर्यंत चढतात.

दीर काठाभोवती ठोकत गेला. तिसऱ्या फेरीला मुंग्या कोपरापर्यंत आल्या. काकूंनी त्याचा दंडच धरला. "भाऊजी, थांबा. तापवायला हवी."

"अहो, आवाज अजून मऊच आहे!" म्हणत दिराने आणखी चार ठोके हाणले. काठाला नखभर चीर गेली.

तेवढ्यात जाऊबाई माडीवरून तरातरा खाली आल्या. "कधीची खणखणतेय ती! मला वरपर्यंत ऐकू आलं. तुम्ही ठोकताय काय नुसते?"

"काय म्हणालीस?" दिराने विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मग ओरडून सांगितलं. दिराचा हात आपसूक कानाकडे गेला.

काकूंना त्याची दया आली आणि थोडं हसूही आलं. त्यांनी चीर चाचपून पाहिली. "काठ इंचभर कापू. कढई जरा उथळ होईल, एवढंच."

दिराने हातोडी त्यांच्यापुढे धरली. नजर काही वर उचलेना.

"तुम्ही ठोका, वहिनी," तो म्हणाला. "आणि मला सांगा, हात कुठे लावायचा?"