अट्रॅक्टाची भडकलेली चूल

रॉसकॉमनच्या अट्रॅक्टाबाई लग्न होऊन आल्यापासून एकाच लोखंडी चुलीत पाव भाजायच्या. घर उबदार ठेवायला तेलाचा बॉयलर बसवला, तेव्हा चुलीच्या पोटातली, आजवर घर तापवणारी पाण्याची टाकी त्यांनी काढून घेतली. तेव्हापासून पाव बाहेरून कोळसा, आतून कच्चा.

दीर मॅलकी म्हणाला, “चुलीला बोल लावू नका वहिनी, वय झालंय तुमचं.”

“तुमचंही झालंय, भावजी. पण आधी निम्मी आग पाणी खायचं, आता सगळी पावालाच लागते.”

मग त्यांनी टाकीच्या रिकाम्या जागेत भट्टीच्या विटा बसवून घेतल्या आणि जळणही कमी घातलं. पाव छान तांबूस निघाला. मॅलकी लोणी लावून खात राहिला. अट्रॅक्टाबाईंनी खुशीत त्याच्या कपात आणखी चहा ओतला.