मावशींची पळी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी तोंडापेक्षा पळीनेच जास्त बोलतात. पळी टोपावर एकदा आपटली की ताटं घेऊन या, दोनदा आपटली की गप बसा. रोह्याला शिकून बी.ए. झालेली मी आमच्या घरातली पहिली, पण माझा वर्ग माझ्यापेक्षा त्या पळीला जास्त भितो.

वर्षअखेरीला माझ्या तिसरीच्या मुलांनी ‘बी कसं रुजतं’ हा प्रकल्प केला. रोज एक वाटी वाल भिजवायचे, म्हणजे चार वाट्यांत चार दिवसांचा फरक दिसेल. ऊब मिळावी म्हणून वाट्या चुलीजवळ ठेवल्या. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खिचडीसोबत चमचा-चमचा वालाचं बिरडं, म्हणजे मोडाच्या वालांची उसळ, आलं. मी दोनदा मागून घेतलं.

तेवढ्यात एक मुलगी रडत आली. “बाई, आमचा प्रकल्प आपण खाल्ला!”

मावशींची पळी हवेतच थांबली. “मला वाटलं, कोनी घरून धाडलेत वाल. रडू नको गो, सकाळी देते तुझा प्रकल्प.”

गावात रोज कुणाकडे तरी वाल भिजतच असतात. मावशी चार घरं फिरल्या आणि सकाळी चार दिवसांच्या चार वाट्या घेऊन आल्या. सोबत पाचवी वाटीही होती, गरम बिरड्याची.

“ह्यो पाचवा दिवस. तुमी लिवलाच नाय.”

मुलीने लगेच चिठ्ठी लिहून चिकटवली. प्रदर्शनात तीच वाटी सगळ्यात आधी रिकामी झाली. तेव्हा मावशींनी पळी टोपावर तीनदा आपटली. तीनदाचा अर्थ आम्हाला कुणी शिकवला नव्हता, पण सगळा वर्ग नाचायला लागला.