रंजूचं भरतीचं गणित

रंजू परवा गेली. मी तेव्हा दापोलीत एका टपरीवर पाय पसरून चहा पीत बसलेलो.

फोन आला तसाच एस.टी.त चढलो.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी लिहितोय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं एक साल. नक्की कुठलं ते विचारू नका. माझं एफ.वाय. दुसऱ्यांदा चालू होतं, सगळी सालं सारखीच वाटायची.

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात एक्स्चेंज प्रोग्रॅम निघाला. हॉलंडची आठ मुलं श्रावणात इकडे, आमची आठ पुढच्या उन्हाळ्यात तिकडे. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचे, पाण्याचा अभ्यास करायचा, एकमेकांच्या घरी राहायचं, सण बघायचे.

त्यांचा बराचसा देश समुद्रापेक्षा खाली. पृथ्वी तापतेय, समुद्र वर चढतोय, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. तोवर समुद्र म्हणजे माझ्यासाठी चौपाटी.

माझं सिलेक्शन कसं झालं देव जाणे. बहुतेक लाइन दिसली म्हणून उभा राहिलेलो. माझ्या वाट्याला आलेल्या पीटरला टेंभी नाका दाखवायला म्हणून ठाण्याला नेलं, आणि खोपटच्या स्टँडवर जी एस.टी. सुटत होती तिच्यात दोघं चढलो. दुसऱ्या दिवशी परत आलो. प्रोग्रॅम बघणाऱ्या सरांनी मला आठवडाभर झापलं.

असो. रंजू.

रंजूचं सिलेक्शन मात्र मार्कांवर. खाडीकाठच्या गावातली. बाबांची होडी, आई स्टेशनबाहेर मासळी विकायला बसायची. लॅबमधल्या चार कॉम्प्युटरपैकी एकावर ती बसली की तिला उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

प्रोग्रॅमचा नियम एकच. ज्याच्या घरी पाहुणा राहील, तोच हॉलंडला जाणार.

आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सरांनी रंजूची पाहुणी, आनेके, दुसऱ्याच्या घरी लावली.

"रंजना, समजून घे. घर लहान, त्यात सुक्या मासळीचा वास. तिला अडचण होईल."

"तिला विचारलंत का, सर?"

सरांनी पेन काढलं. यादीतलं नाव खोडलं. हॉलंड खल्लास.

दुसऱ्या दिवशी रंजू लॅबमध्ये आमच्या आधी हजर.

प्रोजेक्ट होता भरतीची वेळ सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा. सरांनी मुंबई बंदराचं छापील टेबल दिलेलं, ते आम्ही आकड्यामागून आकडा टाइप करत बसलेलो. रंजूने चार ओळींत संपवलं. तिथीची पाऊणपट करायची, वर दीड तास मिळवायचा. पाऊणपट तिच्या बाबांची, त्यांच्याही बाबांची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे समुद्रावर तीनला भरती.

मी विचारलं, मग वर दीड तास कसला?

"येड्या, पाणी समुद्रावरून आपल्याकडे खाडीतून चालत येतं ना. त्याला वेळ नको?"

सरांनी तिच्या चार ओळी डेमोतून काढून टाकल्या. पंचांग नको, म्हणाले, पाहुणे हसतील.

मग नारळी पौर्णिमा आली.

रंजूच्या गावात भरती पुरी होऊन पाणी थांबतं, तेव्हाच नारळ सोडायचा. सरांनी त्याचाच मोठा कार्यक्रम ठरवला. बॅनर, माईक, प्रमुख पाहुणे, छापील कार्ड. वेळ साडेअकरा. टेबलातली.

साडेअकराला आम्ही सगळे धक्क्यावर. पाण्यात आमचा खुणा केलेला बांबू रोवलेला.

पाणी चढतच होतं.

प्रमुख पाहुणे सोनेरी कागद लावलेला नारळ धरून उभे. घामाने कागद सुटत आलेला. सर हळूच रंजूच्या बाबांना म्हणाले, आता उरकून घेऊ या.

"मास्तर, पानी थांबलं नाय अजून. नारल कसा सोरू?"

सरांनी बांबूकडे पाहिलं. मग माईक चालू असतानाच वळले.

"रंजना, किती वाजता?"

"पाऊण वाजता, सर."

आनेके पायरीवर बसून दर दहा मिनिटांनी बांबूवरची खूण वाचून वहीत लिहायला लागली. बारा. सव्वाबारा. प्रमुख पाहुण्यांना खुर्ची दिली. रंजू कुणाकडेच बघत नव्हती, नुसतं ओढणीचं टोक पिळत होती. हॉलंड गेलंच होतं. आता हेही चुकलं असतं, तर ती त्या लॅबमध्ये परत आली नसती. मी तिला ओळखतो.

पाऊण वाजता पाणी थांबलं.

खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं उशिरा.

नारळ सुटला. आनेकेने विचारलं, हे गणित कुणाचं? सरांनी माईकवर, इंग्रजीत, सगळ्यांसमोर सांगितलं: हिचं. आणि चूक माझी, मी समुद्राची वेळ खाडीला लावली.

त्या दिवसापासून मला सर आवडायला लागले.

आनेके म्हणाली, मग मला हिच्याच घरी राहायचंय. त्याच दुपारी बॅग घेऊन निघाली. रिक्षा सरांनी स्वतः आणली. पहिल्या दिवशी तिने नाकाला रुमाल लावला, चौथ्या दिवशी सुके बोंबील मागून खाल्ले.

रंजू हॉलंडला गेली. मीही गेलेलो. तिथेही चुकीच्या गाडीत चढलो, ते सोडा.

परत आल्यावर रंजूने आयुष्यभर शाळेत कॉम्प्युटर शिकवला. मुलांचा पहिला प्रोग्रॅम नेहमी तोच, चार ओळींचा. दर नारळी पौर्णिमेला पाण्याची खूण मोजून आनेकेला कळवायची, एकही वर्ष चुकवलं नाही. मी कधी गावात उगवलो की मला धक्क्यावर न्यायची. "तू भटक नुसता. इकडे पाणी बघ कुठवर आलंय."

आज सकाळी अस्थी सोडल्या.

तिच्या भावाने काल विचारलं, किती वाजता जमू या? मोबाईलवर भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे. मी उघडलं नाही.

आज नवमी. नऊची पाऊणपट पावणेसात. वर दीड तास. सव्वाआठ.

सर आलेले, काठी टेकत. कुणीच घड्याळ बघत नव्हतं. सर पाण्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी हात वर केला.

"थांबलं."

भावाने कलश पाण्यात रिकामा केला.

रंजू, पाणी आता परत फिरलंय. इथून समुद्र दीड तासावर.

नीट जा.